अर्लिंग्टन रो हे मुळात लोकरीचे कोठार होते

दगडी भिंतींच्या, उतरत्या छपरांच्या घरांची एक ओळ, समोर झुळझुळते पाणी, पाण्यात बदके आणि खाली मराठीत एक लांबलचक मजकूर, असा एक संदेश गेली काही वर्षे कौटुंबिक गटांतून फिरतो आहे आणि दर चार-सहा महिन्यांनी तो नव्याने माझ्यापर्यंत पोहोचतो. मजकुराचा गोषवारा असा: इंग्लंडच्या खेड्यांनी हजार वर्षे आपले रूप बदलू दिले नाही, तीच घराणी पिढ्यानपिढ्या त्याच घरांत नांदली, गायरान साऱ्या गावाचे होते, मुलांचे बालपण रानावनात बागडण्यात गेले, मे महिन्यातला रंगीत फितींचा खांब आणि चर्चमधला सुगीचा सण अनादी काळापासून चालत आले, खेड्यात कोणी उपाशी झोपले नाही, पुढे मोटार आणि दूरचित्रवाणी आली आणि हे जग ओसरले, तरीही इंग्रजांनी त्यातले बरेच जपले, आपण मात्र आपली खेडी घालवली.

मी इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका खेड्यात बरीच वर्षे राहतो, तिथल्या स्थानिक इतिहास मंडळात जातो आणि वयस्कर मंडळींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून उतरवून घेण्याचे काम हौसेने करतो. त्या आठवणींतला गोडवा मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. पण या संदेशातले जवळजवळ प्रत्येक विधान त्याच गावांच्या कागदपत्रांशी आणि पुष्कळदा त्याच वृद्धांच्या बोलण्याशी विसंगत आहे, म्हणून ते एकेक करून तपासणे भाग आहे.

आधी त्या छायाचित्राविषयी. ते ग्लॉस्टरशरमधल्या बिबरी गावातल्या अर्लिंग्टन रो या घरांचे आहे. 'हजार वर्षे शेतकऱ्यांनी जपलेली घरे' म्हणून ती दाखवली जातात. प्रत्यक्षात ही इमारत १३८० च्या सुमारास लोकर साठवण्याचे कोठार म्हणून बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिच्यात भिंती घालून विणकरांसाठी खोल्या पाडल्या गेल्या. समोर दिसणारी पाणथळ हिरवळ म्हणजे कापड लाकडी चौकटींवर ताणून वाळवण्याची जागा होती. म्हणजे ज्या चित्राकडे आपण उद्योगधंद्यांचा वारा न लागलेले खेडे म्हणून पाहतो, ते चित्र एका कापडधंद्याच्या वखारीचे आणि मजूरवस्तीचे आहे.

हजार वर्षांच्या अखंडतेचा दावा नावांपुरता खरा आहे. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या गावोगावच्या जमीन-मालमत्तेच्या नोंदीत, आजच्या असंख्य खेड्यांची नावे सापडतात, आणि गावाच्या वेशीवरच्या पाटीवर तो उल्लेख करायला इंग्रज माणूस विसरत नाही. पण नाव टिकले म्हणून गाव टिकले असे होत नाही. मध्ययुगात नांदती असलेली आणि पुढे उजाड झालेली सुमारे ३,००० खेडी अभ्यासकांनी इंग्लंडमध्ये शोधली आहेत. यॉर्कशरमधले व्हॅरम पर्सी हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. १९५० पासून १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात तिथे उत्खनन चालले. आज तिथे बिनछपराचे चर्च उभे आहे आणि गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे तेवढे जाणवतात, विशेषतः सूर्य कलल्यावर. हे गाव एका रात्रीत प्लेगने मेले ही लोकप्रिय समजूतही चुकीची आहे. साथीने माणसे कमी झाली हे खरे, पण शेवटची कुटुंबे १५०० च्या सुमारास गेली, आणि ती गेली कारण जमीनदाराला नांगरटीपेक्षा मेंढ्या फायद्याच्या वाटू लागल्या. अर्लिंग्टन रोसारख्या कोठारांत भरली जाणारी लोकर कुठून येत होती, याचे हे एक उत्तर आहे.

जी गावे राहिली तीही जागच्या जागी राहिली असे नाही. अठराव्या शतकात हवेलीभोवती रमणीय बागबगीचा करण्याची टूम निघाली, तेव्हा नजरेच्या आड येणारी वस्ती हलवणे हा जमीनदारांच्या दृष्टीने बागकामाचाच भाग होता. ऑक्सफर्डशरमध्ये न्यूनम कोर्टनी हे गाव १७६० च्या दशकात अर्ल हारकोर्टने उचलून रस्त्याच्या कडेला नेऊन बसवले. डॉर्सेटमध्ये जोसेफ डेमरने तर बाजारपेठ, शाळा आणि खानावळी असलेले मिडलटन हे अख्खे शहर टप्प्याटप्प्याने पाडले, कारण ते त्याच्या वाड्याला खेटून होते, आणि मजुरांसाठी टेकडीआडच्या दरीत एकसारखी पांढरी, गवताने शाकारलेली घरे बांधली. त्या नव्या वस्तीचे नाव मिल्टन ॲबस. आज 'जुन्या इंग्लंड'च्या दिनदर्शिकांवर ही घरे हमखास झळकतात. त्याहून गमतीचे उदाहरण ब्रिस्टलजवळच्या ब्लेझ हॅम्लेटचे आहे. एकाही घराचे दुसऱ्याशी साम्य नाही, वाकडीतिकडी धुराडी, गवती छपरे, मध्ये हिरवळ, असे वाटते की शतकानुशतके हे आपोआप उगवले असावे. आणि ती नऊच्या नऊ घरे १८११ च्या सुमारास एका धनिकाच्या निवृत्त नोकरांसाठी वास्तुविशारद जॉन नॅशने कागदावर आखून दिलेली आहेत. लंडनची रीजंट स्ट्रीट आखणारा हाच तो नॅश.

आणि विसाव्या शतकातले उदाहरण हवे असेल तर डिसेंबर १९४३ मध्ये विल्टशरमधले इम्बर आणि डॉर्सेटमधले टाइनम ही दोन गावे लष्करी सरावासाठी रिकामी करण्यात आली. टाइनमच्या लोकांनी निघताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली की आमच्या घरांची आणि चर्चची काळजी घ्या, आम्ही एक दिवस परत येऊ. युद्ध संपले, पण गाव लष्कराकडेच राहिले. कोयनेच्या, उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या कोणाला त्या चिठ्ठीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

'तीच घराणी पिढ्यानपिढ्या त्याच घरांत' हा दुसरा दावा जास्त रुजलेला आहे, कारण इंग्रज स्वतःही तो मनापासून मानतात. याचे सर्वांत चांगले उत्तर नॉटिंगहॅमशरमधल्या क्लेवर्थ या साध्यासुध्या खेड्याने दिले आहे. तिथल्या रेक्टरने, म्हणजे गावच्या चर्चच्या पाद्र्याने, १६७६ मध्ये आणि पुन्हा १६८८ मध्ये गावातल्या प्रत्येक माणसाची यादी केली. दोन्ही वेळा लोकसंख्या चारशेच्या आसपास. वरवर पाहता काहीच बदलले नाही. पण पीटर लॅस्लेट या इतिहासकाराने आणि त्याच्या सहकाऱ्याने नावांशी नावे ताडून पाहिली, तेव्हा बारा वर्षांत पहिल्या यादीतली सुमारे साठ टक्के माणसे गावातून नाहीशी झालेली आढळली. त्यांतली काही वारली होती, पण बहुतेक दुसरीकडे गेली होती, आणि तितक्याच संख्येने नवी माणसे आली होती.

हे कसे घडत होते ते मराठी वाचकाला एका शब्दात सांगता येईल: सालगडी. तिथली तरुण, अविवाहित मुले-मुली वर्षाच्या बोलीवर शेतकऱ्याच्या घरी राहून काम करत, आणि आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो तसे तिथे दक्षिणेत सप्टेंबरअखेरच्या मायकलमसला आणि उत्तरेत नोव्हेंबरातल्या मार्टिनमसला गडी ठरत. त्यासाठी मजुरांच्या जत्रा भरत. धनगर टोपीला लोकरीचा पुंजका खोवून उभा राही, गाडीवान चाबकाची दोरी लावी, म्हणजे मालकाला तोंड उघडण्याआधीच कळावे की हा काय कामाचा आहे. वर्ष सरले की पुन्हा नवा मालक, नवे गाव. लग्न झालेल्या मजुराची अवस्था निराळी होती, पण स्थिर नव्हती. त्याचे घर मालकाचे असे. काम सुटले की घर सुटे. शेतमजुरांना या घरांबाबत पक्के कायदेशीर संरक्षण मिळाले ते थेट १९७६ मध्ये. मी ज्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या त्या एका आजोबांचे वडील दुभत्या गुरांची देखभाल करणारे मजूर होते. आजोबांनी चौदाव्या वर्षापर्यंत किती घरे बदलली ते बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातावर गेले. 'आम्ही इथलेच' असे म्हणून त्यांनी मुलाखतीला सुरुवात केली होती. 'इथले' म्हणजे दहा मैलांच्या आतले, असा त्याचा अर्थ मला पुढे उलगडला.

गरिबाने हलायचे की नाही हे कायद्यानेही ठरत असे. कोणता माणूस कोणत्या गावचा हे ठरवणाऱ्या १६६२ च्या कायद्यानुसार, वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात राहायला आलेल्या परक्या माणसाला चाळीस दिवसांच्या आत त्याच्या मूळ पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार ठरलेल्या गावात, परत धाडता येत असे, कारण तो उद्या भुकेला झाला तर त्याचा खर्च गावाच्या पट्टीवर पडेल ही भीती. अविवाहित गरोदर स्त्रीला तर मूल जन्माला येण्याआधी वेशीबाहेर काढण्याची विशेष घाई होत असे, कारण मूल जिथे जन्मले त्या गावाची त्याच्यावर जबाबदारी येई. आपलेपणाने भरलेल्या गावाचे हे दुसरे अंग पॅरिशच्या कागदांत भरपूर सापडते. छायाचित्रात ते येऊ शकत नाही.

गायरान सर्वांचे होते, हे विधान अर्धसत्य असल्यामुळे जास्त घातक आहे. सामाईक जमिनीवर चराईचा, सरपणाचा, गवत कापण्याचा हक्क असे, पण तो बहुधा विशिष्ट घराशी किंवा जमिनीच्या तुकड्याशी जोडलेला असे. गावात राहणारा प्रत्येक जण हक्कदार नव्हता. तरी ज्याच्याकडे कागदोपत्री काहीच नव्हते अशा मजुराचीही एखादी गाय, दोन-चार बदके त्या माळावर वहिवाटीने चरून जात, आणि तेवढ्यावर घरात दूध असे. हीच वहिवाट कुंपणबंदीने संपवली. १६०४ पासून १९१४ पर्यंत पार्लमेंटने ५,२०० हून अधिक कुंपणबंदी कायदे केले आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकपंचमांशाहून जास्त जमीन आली. खुली शेते आणि माळराने मोजून, वाटून, काटेरी कुंपणांनी बंद झाली. ज्यांना हिस्सा मिळाला त्यांतल्या लहान धारकांना कुंपण घालण्याचा आणि मोजणीचा खर्च झेपेना, म्हणून त्यांनी तो विकून टाकला. ज्यांचा हक्क केवळ वहिवाटीचा होता त्यांना बहुधा काहीच मिळाले नाही. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी कुंपणांची ती सरळ जाळी, जिला पर्यटक 'सनातन इंग्लिश निसर्ग' म्हणतात, तिचा मोठा भाग मोजणीदाराने पट्टीने आखलेला आहे.

या बदलाची साक्ष एका मजुरानेच दिली आहे. कवी जॉन क्लेअर १७९३ मध्ये हेल्पस्टन या गावी शेतमजुराच्या पोटी जन्मला. त्याच्या गावाचा कुंपणबंदी कायदा १८०९ चा. म्हणजे तो सोळा वर्षांचा असताना, ज्या माळावर तो लहानपणी हुंदडला त्यावर 'प्रवेश बंद'च्या पाट्या लागू लागल्या. बालपण आणि मोकळे रान यांची जी जोडी आपला संदेश इतक्या सहजपणे जमवतो, ती एकाच वेळी हिरावली जाताना पाहिलेला हा माणूस आहे. खुल्या शेतांची जुनी पद्धत आज पाहायची असेल तर नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टनला जावे लागते. ती तिथे अजून चालू आहे, आणि ती पाहायला मुद्दाम जावे लागते यातच सारे आले.

गायरानाला जोडूनच सरवा वेचण्याचा उल्लेख केला पाहिजे. सुगीनंतर शेतात पडलेली कणसे बायकामुलांनी वेचून आणायची, हा सरवा तिथेही होता आणि मजुराच्या घरी काही आठवड्यांच्या भाकरीची सोय त्यातून होई. १७८८ मध्ये एका खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला की सरवा वेचण्याचा कायदेशीर हक्क कोणालाही नाही. मालक देईल तर ती मेहेरबानी. बायका त्यानंतरही वेचत राहिल्या, पण हक्काने वेचणे आणि मेहेरबानीने वेचणे यांत काय फरक आहे हे वेचणाराच जाणतो.

आता बालपणाकडे येतो, कारण संदेशाचे काळीज तिथे आहे आणि माझ्या तक्रारीचेही. ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकणारी मुले आपण पाहिली आहेत, निदान ऐकली आहेत. इंग्लंडमध्ये हेच काम लाकडी टाळी वाजवून होत असे. एका मुठीच्या फळीला दोन्ही बाजूंनी दोन सैल फळ्या चामड्याने बांधलेल्या, हलवली की खडखडाट. आमच्या मंडळाच्या कपाटात अशी एक टाळी आहे. ती हातात घेतली की पहिली जाणवते ती मुठीची जाडी: मोठ्या माणसाच्या तीन बोटांत मावेल एवढीच ती आहे, कारण ती मोठ्या माणसासाठी केलेलीच नव्हती. जोसेफ आर्च, ज्याने पुढे १८७२ मध्ये शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभारली आणि १८८५ मध्ये पार्लमेंटमध्ये निवडून गेला, त्याने नवव्या वर्षी वॉरिकशरमधल्या बारफर्ड गावी कावळे हाकण्यापासून सुरुवात केली. बारा तासांचा दिवस आणि चार पेन्स मजुरी. ओसाड शेतात, पेरणीच्या थंडीत, एकट्याने. रानात बागडणे म्हणतात ते हेच असावे.

पूर्व इंग्लंडमध्ये याहून वाईट होते. तिथे मुकादम टोळ्या घेऊन शेतोशेत फिरत. टोळीत बायका आणि मुले, काम दगड वेचण्याचे, खुरपणीचे, सलगम उपटण्याचे. नॉरफोकमधले कासल एकर हे गाव या टोळ्यांसाठी कुप्रसिद्ध झाले होते. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी जे दोन शब्द आपण वापरतो, टोळी आणि मुकादम, तेच इथे जसेच्या तसे चालतात, याचे मला भाषांतर करतानाही दर वेळी आश्चर्य वाटते. १८६७ मध्ये कायदा झाला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना अशा टोळ्यांत घेण्यास बंदी आली. आठ वर्षांखालच्या. कायदा कशावर बंदी घालतो यावरून काय चालले होते ते कळते.

घरातली मुले तरी मोकळी होती का? बकिंगहॅमशर, बेडफर्डशर या भागांत 'शाळा' नावाच्या ज्या खोल्या होत्या, त्यांपैकी अनेकांत पाच-सहा वर्षांची मुले लेस विणायला किंवा टोप्यांसाठी गव्हाच्या काड्यांची वेणी घालायला बसत. लेस विणणाऱ्या मुली संध्याकाळी एका मेणबत्तीभोवती गोलाकार बसत आणि मेणबत्तीसमोर पाण्याने भरलेले काचेचे गोल भांडे ठेवून तिचा उजेड एकवटून हातावर घेत. एका मेणबत्तीत अनेकींचे काम भागे. काड्या नरम राहाव्यात म्हणून वेणी घालणारी मुले त्या तोंडात धरून बसत. वाचन असे ते थोडेसे, आणि पालक पैसे देत ते बहुधा मूल किती वार वेणी घालते हे पाहून.

खरी शाळा आली ती उशिरा आणि लंगडत. १८७० च्या कायद्याने शाळांचे जाळे विणायला घेतले, १८८० मध्ये पाच ते दहा वयापर्यंत हजेरी सक्तीची झाली आणि १८९१ नंतर बहुतेक ठिकाणी फी गेली. या काळातल्या खेड्यांच्या शाळांच्या रोजनिश्या इंग्लंडभरच्या जिल्हा अभिलेखागारांत जपून ठेवलेल्या आहेत आणि माझ्या मते इंग्लिश खेड्यावर त्यांहून प्रामाणिक साहित्य नाही. १८६२ पासून सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि परीक्षेतल्या उत्तीर्णांवर ठरू लागले होते, म्हणून हेडमास्तर गैरहजेरीची कारणे पोटतिडकीने लिहून ठेवत: बटाटे काढणीमुळे वर्ग अर्धा रिकामा, मटाराच्या शेंगा तोडायला गेले, पाखरे राखायला गेले, डुकरांसाठी ओकची फळे वेचायला गेले, पायांत बूट नाहीत आणि रस्त्यावर पाणी म्हणून आले नाहीत, गोवर, घटसर्प, शाळा बंद. उन्हाळी सुट्टीला 'सुगीची सुट्टी' म्हणत आणि तिची तारीख गहू किती पिकला यावर ठरे. मोकळा उन्हाळा म्हणून ज्या सुट्टीचे आपण कौतुक करतो, ती मुलांना कामाला मोकळे करण्यासाठी होती.

यावर हमखास येणारा प्रतिप्रश्न असा की मग वृद्ध लोक गोड आठवणी का सांगतात. त्याचे एक साधे कारण म्हणजे आज नव्वदीत असलेल्या माणसाचे बालपण १९४० च्या दशकातले आहे. जोसेफ आर्चच्या काळाला शंभर वर्षे होऊन गेली होती आणि ते बालपण खरोखरच बरे होते. दुसरे कारण आमच्या प्रश्नांत आहे. मी सुरुवातीला विचारत असे, 'लहानपणी काय खेळायचात?' उत्तरात मग चेस्टनटच्या बिया दोऱ्यात ओवून एकमेकींवर आपटण्याचा खेळ येई, ओढ्यावर घातलेले बांध येत, युद्धकाळात सरबतासाठी वेचलेली जंगली गुलाबाची फळे येत. पुढे मी एकदा एका नव्वदीच्या बाईंना सहज विचारले, 'पाणी कुठून आणायचात?' त्या थांबल्या. मग त्यांनी पंप कुठे होता, थंडीत त्याचा दांडा गोठू नये म्हणून त्याला गवत आणि पोती कशी गुंडाळत, दोन बादल्या उचलताना पायांना धार लागू नये म्हणून मधे लाकडी कडे कसे धरत, आणि परसातल्या संडासाचे डबे त्यांचे वडील रात्री बागेत कसे पुरत, हे सगळे अर्धा तास सांगितले. खेळाबद्दल बोलताना त्या हसत होत्या. पाण्याबद्दल बोलताना त्यांचे हात नकळत वर-खाली होत होते, पंप मारल्यासारखे. दोन्ही आठवणी एकाच बाईंच्या. पहिली पुढे पाठवली जाते.

त्या आठवणींत अजून एक गाळणी लागलेली असते: ज्यांचे जमले नाही ते गाव सोडून गेले आणि मुलाखत द्यायला मागे राहिले नाहीत.

सणांचा मुद्दा थोडक्यात संपतो. मे महिन्याचा खांब जुना आहे, इतका की १६४४ मध्ये प्युरिटनांनी, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंटांनी, त्यावर बंदी घातली होती. पण मुलांनी रंगीत फिती हातात धरून त्याभोवती गोफ विणायचा हा प्रकार खेड्याखेड्यांत पोहोचला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयांतून, आणि त्या लाटेमागे जॉन रस्किनसारख्या विचारवंताचा उत्साह होता. चर्चमधला सुगीचा सण आजच्या रूपात कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टोच्या रॉबर्ट हॉकर या पाद्र्याने १८४३ मध्ये सुरू केला. गावच्या बायकांची जी संस्था, विमेन्स इन्स्टिट्यूट, खेड्याचा प्राण समजली जाते, ती कॅनडाहून १९१५ मध्ये आली. या गोष्टी नव्या आहेत म्हणून खोट्या ठरत नाहीत. आपला सार्वजनिक गणेशोत्सवही १८९३ चाच. मात्र अनादी म्हणू नये.

'कोणी उपाशी झोपले नाही' या वाक्यावर मला राग येतो, हे लपवत नाही. १८३० च्या उन्हाळ्यात केंटमध्ये मजुरांनी मळणी यंत्रे फोडायला सुरुवात केली, कारण हिवाळ्यातली हाताने मळणी हेच त्यांचे थंडीतले पोट होते, आणि शरद ऋतूत हा वणवा दक्षिण इंग्लंडभर पसरला. शिक्षा काय झाल्या? १९ जणांना फाशी आणि सुमारे ५०० जणांना समुद्रापार काळे पाणी. तीन वर्षांनी, १८३३ मध्ये, डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा मजुरांनी, आठवड्याची मजुरी सात शिलिंगवरून सहावर उतरण्याचे घाटत असताना, संघटना केली आणि गुप्त शपथ घेतली. त्यांना १८३४ मध्ये सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आले. जनक्षोभामुळे १८३६ मध्ये माफी मिळाली, हे खरे. त्याच १८३४ मध्ये नवा गरीब कायदा आला: मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे कामाच्या बदल्यात गरिबांना ठेवणाऱ्या सरकारी घरात, या, तिथे नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, मुले तिसऱ्या. हॅम्पशरमधल्या अँडोव्हर वर्कहाउसात गरिबांना खतासाठी हाडे कुटण्याचे काम होते, आणि १८४५ मध्ये उघडकीस आले की भुकेपोटी ते त्या कुजक्या हाडांतला मगज आणि चिकटलेले मांस चाटून खात होते. पार्लमेंटची चौकशी बसली. हे सारे शेतीप्रधान, हिरव्यागार, ज्याची छायाचित्रे सर्वांत सुंदर येतात त्या दक्षिण इंग्लंडमध्ये घडत होते. खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या मनातली वर्कहाउसची धास्ती जरा सैल झाली ती १ जानेवारी १९०९ ला, सत्तरीपुढच्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन टपाल कार्यालयात मिळू लागली तेव्हा.

इथे एक मराठी धागा खरोखरच गुंतलेला आहे. भारतातली खेडी म्हणजे स्वयंपूर्ण 'छोटी गणराज्ये', राज्ये येतात-जातात पण खेडे तसेच राहते, हे ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी चार्ल्स मेटकाफ याचे प्रसिद्ध टिपण १८३० चे, म्हणजे त्याच्या मायदेशातली खेडी धगधगत होती त्याच वर्षाचे. आपल्या खेड्यांची जी न बदलणारी प्रतिमा आपण शाळेत शिकलो तिच्यामागे या नजरेचा वाटा मोठा आहे. आणि आज तीच नजर आपण उलटी त्यांच्या खेड्यांवर रोखतो आहोत. दूर असलेले खेडे न बदलणारे दिसते, एवढाच तो नियम. जवळ गेलेला माणूस वेगळे लिहितो: पुण्याजवळच्या लोणी गावाची पाहणी करणाऱ्या थॉमस कोट्स या डॉक्टरने १८२० च्या सुमारास गणराज्याचे गोडवे न गाता घरे, भांडीकुंडी, पिके आणि कर्जे नोंदवली.

मोटार आणि दूरचित्रवाणीवर ठेवलेला ठपका कालक्रमालाच धरून नाही. १८५१ च्या शिरगणतीतच इंग्लंडचे शहरी लोक ग्रामीण लोकांपेक्षा जास्त भरले होते. १८७० च्या दशकापासून अमेरिकेचा स्वस्त गहू येऊ लागला, भाव कोसळले आणि मजुरांनी शहरांची, कॅनडाची, ऑस्ट्रेलियाची वाट धरली. पुढे ट्रॅक्टरने घोडे आणि घोडेवाले दोन्ही घालवले. ज्या खेड्यात मोटार शिरली ते आधीच अर्धे रिकामे होते. उलट बस आणि सायकल यांच्यामुळे शेती सोडूनही गावात राहून शहरात कामाला जाणे शक्य झाले. दळणवळणाने खेड्याचे नुकसान केलेच असेल तर ते येण्याने नव्हे, जाण्याने: रेल्वेच्या काटकसरीसाठीच्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर छोटे लोहमार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याचा सपाटा लागला.

उरले 'त्यांनी जपले'. जपले हे खरे, पण कोणी आणि कसे हे पाहावे. वेस्ट विकम हे बकिंगहॅमशरमधले गाव १९२९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने चक्क विकत घेतले, नाहीतर घरे एकेक करून लिलावात गेली असती. १९३४ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आले. अर्लिंग्टन रोही आज नॅशनल ट्रस्टचीच आहे. १९४७ च्या नगररचना कायद्याने गावाबाहेर मनास येईल तसे बांधणे थांबवले आणि १९६७ च्या कायद्याने जतनक्षेत्रे ठरवली. म्हणजे खेड्याचे रूप टिकले ते परंपरेने नव्हे, खरेदीखताने आणि कायद्याने. आणि नवी घरे होईनात म्हणून जुन्यांचे भाव इतके चढले की ज्यांच्या पणजोबांनी ती शाकारली त्यांना ती परवडत नाहीत.

त्यांची मुलेनातवंडे राहिली असतील तर बहुधा गावाच्या कडेला असलेल्या, दोन महायुद्धांच्या आगेमागे नगरपालिकांनी आणि ग्रामीण मंडळांनी बांधलेल्या विटांच्या सरकारी घरांत. त्या घरांसमोर पर्यटकांची बस थांबत नाही. पंपाची गोष्ट सांगणाऱ्या त्या बाई लग्नाआधी तिथेच राहायला गेल्या. जुने दगडी, गुलाबांच्या वेलींचे घर सोडताना वाईट वाटले का, असे मी त्यांना विचारले, कारण मलाही ते चित्र आवडतेच. त्या म्हणाल्या की नव्या घरात शिरल्यावर आई कोट न काढता थेट स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला, आणि मग तिने आम्हा सगळ्यांना हाक मारून एकेकाला तो सोडायला लावला.